प्रश्न तुमचे : कॉपरमाइन नदीतून समुद्रापर्यंत

प्रश्न : कोलाडला कुंडलिकेत बऱ्याचदा राफ्टिंग केले आहे. आता कॅनडातल्या कॉपरमाइन नदीतून चौघांना दोन कनू (वल्ह्याने चालवायच्या अरुंद होड्या) घेऊन समुद्रापर्यंत जायचे आहे. महिना कोणता निवडावा? अवघड टप्पा कुठला?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : जुलैचा दुसरा पंधरवडा धरा. त्याआधी वरच्या मोठ्या सरोवरांत बर्फ असू शकतो. मग पाण्यावर उतरणारे विमान तुम्हाला सोडणार कुठे? लाक द ग्रा सरोवरातून निघालेली ही नदी सुमारे ८४५ किलोमीटर वाहून कुग्लुक्टुक गावाशी आर्क्टिक समुद्राला मिळते. गावाला बाहेरून रस्ता नाही, परतीचा प्रवास विमानानेच.

अवघड पाणी शेवटी येते आणि नियोजन फसते ते तिथेच. रॉकी डिफाइलची घळ, पुढे मस्कॉक्स, सँडस्टोन, एस्केप हे रॅपिड, म्हणजे खळाळत्या वेगवान पाण्याचे टप्पे. तोवर हात थकलेले, शिधा संपत आलेला आणि परतीच्या विमानाची तारीख जवळ. मग न पाहताच कनू पाण्यात लोटली जाते. तसे अजिबात करू नका. प्रत्येक रॅपिडच्या वरच काठाला लागा, चालत जाऊन पाणी पाहा. शंका आली तर सामान आणि कनू खांद्यावर घ्या. वाऱ्यामुळे तंबूत अडकून पडावे लागते, त्यासाठी किमान तीन-चार दिवस आणि तेवढा शिधा जादा ठेवा.

गावाच्या साधारण १५ किलोमीटर अलीकडे ब्लडी फॉल्स आहे. हा उभा धबधबा नव्हे, अरुंद कातळातून घुसणारा लोंढा आहे. इथे कनू उचलूनच न्यायची. १७७१ साली इंग्रज शोधप्रवासी सॅम्युअल हर्नसोबत आलेल्या डेने या मूलनिवासी लोकांनी इथे झोपलेल्या इन्युइटांची (आर्क्टिकमधल्या मूलनिवाशांची) कत्तल केली. इथला दगडसुद्धा उचलू नका.

कुंडलिकेत पडलात तर ओले होता, एवढेच. इथे काही मिनिटांत बोटे आखडतात, दोर धरवत नाही. म्हणून ड्रायसूट (पाणी आत न शिरणारा पोशाख) आणि कनूवर स्प्रे डेक (पाणी आत येऊ न देणारे आच्छादन) हवाच. डोक्यावरून घ्यायची मच्छरजाळीही विसरू नका.

उपग्रह फोन पुण्यातून नेऊ नका. परवानगीशिवाय तो भारतात बाळगणे बेकायदा आहे. कॅनडातल्या यलोनाइफ शहरात भाड्याने घ्या. स्टोव्हचे इंधन आणि अस्वलांना पळवण्यासाठीचा स्प्रेही कॅनडात पोहोचल्यावरच घ्या. परतीच्या प्रवासी विमानात दोन्ही चालत नाहीत, तेव्हा उरलेले गावातच कुणाला तरी देऊन टाका.