शाळेत कुत्रा येणार, पण एक मुलगी घाबरते

प्रश्न : मुलांच्या मनःस्वास्थ्यासाठी आमच्या शाळेत प्रशिक्षित कुत्रा येणार आहे. माझ्या वर्गातली एक मुलगी कुत्र्यांना फार घाबरते. काय करू?
– एक वर्गशिक्षिका

उत्तर : बाई, आधी तिच्याशीच बोला. कुत्रा वर्गात नकोच. वेगळ्या खोलीत ठेवा, ज्याला हवं तो जाईल. मानसतज्ज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांनी मानसोपचारांत होणाऱ्या कुत्र्याच्या मदतीबद्दल १९६२ मध्येच लिहिलं होतं. मी शाळेत समुपदेशन करते. वाचताना अडखळणारा एक मुलगा आमच्या कुत्रीशेजारी बसून अख्खं पान वाचून गेला. ती चुका काढत नाही ना! लसीकरण, ॲलर्जीची चौकशी हवीच. आणि कुत्रा सारखा जांभया देऊ लागला, ओठ चाटू लागला, तोंड फिरवू लागला, तर तो ताणात असू शकतो. मुलं कितीही हट्ट करोत, त्याला बाहेर न्या.