नागरिकांना स्थानिक समस्या सहज कळवता याव्यात, यासाठी ऑनलाइन साधन कसे रचावे?

सुरुवातीलाच खाते उघडण्याची सक्ती नसावी. नकाशावर खूण, एक छायाचित्र आणि दोन ओळींचे वर्णन एवढ्यावर तक्रार भरता यावी व संपर्काचा तपशील शेवटी विचारावा. ब्रिटनमध्ये मायसोसायटी या संस्थेने २००७ साली सुरू केलेल्या फिक्समायस्ट्रीट या रस्त्यांसारख्या स्थानिक समस्या कळवण्याच्या संकेतस्थळाचे खरे कौशल्य मला मात्र वेगळ्याच ठिकाणी दिसते: रस्ता कोणाच्या अखत्यारीत येतो हे नागरिकाला ठाऊक असण्याची गरजच नसते, कारण ठिकाण आणि समस्येचा प्रकार यांवरून तक्रार संबंधित यंत्रणेकडे पाठवली जाते. परिसरातील आधीच्या नोंदी तिथेच दाखवल्यास एकाच खड्ड्याच्या वीस तक्रारी होत नाहीत. ‘निकाली’ हा शेरा तक्रारदाराला अमान्य करता यायला हवा, आणि नेमके हेच बहुधा विसरले जाते.