छुपा कॅमेरा विकणाऱ्या वेबसाइटला जबाबदार धरता येतं का?

तुम्ही विचारलंय की घड्याळात, चार्जरमध्ये लपवलेला कॅमेरा ऑनलाइन घेऊन कुणी बाईचं चोरून चित्रण केलं, तर विकणारी वेबसाइटही अडकते का. अडकायलाच हवी. नौपाड्यात माझं सीसीटीव्हीचं दुकान आहे. मेव्हणा भागीदार होता तेव्हा याच विषयावरून आमचं वाजलं होतं.

एक गृहस्थ ऑनलाइन मागवलेलं टेबलावरचं घड्याळ घेऊन आले. आत कॅमेरा. म्हणाले, वायफायला जोडून द्या, कामवालीवर लक्ष ठेवायचंय. मी नेहमीप्रमाणे विचारलं, ठेवणार कुठे? तर म्हणे आतल्या खोलीत. बोलता बोलता कळलं, कोलशेतच्या त्या फ्लॅटमधली आतली खोली कॉलेजच्या मुलींना पेइंग गेस्ट म्हणून दिलेली. घड्याळ त्यांच्या हातात परत ठेवलं आणि स्पष्ट सांगितलं, हे त्या खोलीत लागलं तर मी स्वतः पोलिसांत जाईन.

ते गेल्यावर मेव्हणा तडकला. "भाऊजी, गिऱ्हाईक घालवलंत. चाकू विकणाऱ्यावर खुनाचा गुन्हा लागतो का?"

वेबसाइटवाले थोड्याफार फरकाने हेच म्हणतात. पण चाकू चाकूसारखा दिसतो. मी बसवतो तो डोम कॅमेरा दिसावा म्हणूनच बसवतात, खाली पाटीही लावतात. त्या घड्याळाचे पैसे समोरच्याला कळू नये याचेच मोजलेले असतात.

आपल्याकडे वेबसाइटला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ ची ढाल मिळते: आम्ही फक्त मध्यस्थ. पण २०२३ मध्ये सीटबेल्टचा अलार्म बंद करणाऱ्या क्लिपा विकल्या म्हणून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ई-कॉमर्स कंपन्यांना आदेश दिले आणि १३ हजारांवर लिस्टिंग उतरवायला लावल्या. तिथे मध्यस्थपणा चालला नाही. मग इथे का चालावा? अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियात टॉवेलच्या हुकात लपवलेल्या कॅमेऱ्यावरून ॲमेझॉनवर दावा झाला. हुकावर टॉवेल टांगलेला फोटो विक्रीच्या पानावरच होता. दावा सुरुवातीलाच फेटाळा, ही कंपनीची मागणी न्यायालयाने २०२३ मध्ये नाकारली. फोटोत दाखवलं तेच गिऱ्हाइकाने केलं, तर विकणाऱ्याला "आम्हाला काय ठाऊक" म्हणता येत नाही. मेव्हण्याला मी तेव्हा हेच सांगत होतो.

अर्थात मागणी नाकारली म्हणजे कंपनी दोषी ठरली असं नव्हे. मी वकीलही नाही. चित्रण करणाऱ्यावर भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ लागतं, पहिल्या गुन्ह्याला एक ते तीन वर्षं. तो धागा सरळ आहे. वेबसाइटपर्यंत जायचं तर विक्रीचं पान, त्यातले फोटो आणि वर्णन यांचे स्क्रीनशॉट आजच काढा, पान कधीही उडतं. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. आणि कॅमेरा सापडला असेल तर मेमरी कार्ड स्वतः काढून बघू नका, पोलीस येईपर्यंत जिथे आहे तिथेच राहू द्या.