आधी उमेदवारी, मग आकडे

अनेक आशीर्वाद.

राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीवरच्या तुझ्या लेखाचा खर्डा वाचला. मतमूल्याचं, म्हणजे लोकसंख्येवरून ठरणाऱ्या एकेका मताच्या वजनाचं, कोष्टक चोख आहे. महाराष्ट्राच्या आमदाराचं मत १७५ चं, उत्तर प्रदेशाचं २०८, सिक्कीमचं ७, सगळं बरोबर. त्यात गोवाही घाल. तिथल्या एका आमदाराचं मतमूल्य २०, म्हणजे चाळीस आमदारांची अख्खी विधानसभा मिळून ८००. आणि २०२२ मध्ये एकट्या खासदाराचं मत ७०० चं होतं. हे गणित १९७१ च्या जनगणनेवर का थांबलंय, तेही सांगून टाक. ज्या राज्यांनी लोकसंख्या आटोक्यात ठेवली त्यांचं वजन घटू नये, म्हणून २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत ते गोठवले आहेत.

पण सगळा लेख तू कोष्टकावर उभा केलास आणि उमेदवार येतो कुठून, याला जेमतेम चार ओळी दिल्यास. मी असतो तर उलट केलं असतं. मतं कोणाकडे किती आहेत हे प्रत्येक पक्षाला आधीच ठाऊक असतं. खरी ओढाताण होते ती नाव ठरताना.

'पस्तीस वर्षं पूर्ण झालेला कोणताही नागरिक उभा राहू शकतो' असं तू लिहिलंस. राज्यघटनेचं कलम ५८ वाचलं तर जवळपास तसंच वाटतं: नागरिकत्व, पस्तिशी, लोकसभेसाठीची पात्रता आणि सरकारी लाभाचं पद नसणं. पण अर्जावर पन्नास सूचक आणि पन्नास अनुमोदक लागतात, तेही या निवडणुकीचे मतदारच. म्हणजे शंभर निवडून आलेले आमदार-खासदार. एकाने एकाच उमेदवाराला सही द्यायची, त्यामुळे उसनवारीही चालत नाही. दार इथे आहे. वाचकाला ते दिसायला हवं.

हे दार पूर्वी सताड उघडं होतं. १९६७ मध्ये सतरा उमेदवार होते आणि त्यातल्या नऊ जणांना एकही मत पडलं नाही. १९७४ मध्ये दहा सूचक, दहा अनुमोदक आणि अडीच हजारांची अनामत आली. तरीही १९७७ मध्ये सदतीस अर्ज आले. छाननीत छत्तीस बाद झाले आणि नीलम संजीव रेड्डी बिनविरोध राष्ट्रपती झाले. १९९७ मध्ये सह्या पन्नास-पन्नास झाल्या, अनामत पंधरा हजार. हौशी अर्ज रोखायला हे ठीकच होतं, पण त्याबरोबर पक्षांच्या बाहेरचा माणूसही बाहेर राहिला, असं माझं मत आहे. तू तुझं ठरव.

त्याच १९९७ मध्ये टी. एन. शेषन उभे राहिले, शिवसेनेच्या पाठिंब्यावर. निवडणूक आयुक्त म्हणून देशभर दरारा असलेला माणूस! के. आर. नारायणन यांच्यासमोर त्यांची अनामत जप्त झाली. निवडून यायला लागणाऱ्या मतांच्या एक षष्ठांशही मतं मिळाली नाहीत की ती जाते.

आता १९६९. यावर मन लावून लिही, कारण मोजणीची पद्धत या एका उदाहरणात कळते आणि उमेदवारीतलं राजकारणही. झाकिर हुसेन पदावर असताना मे महिन्यात वारले. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार संजीव रेड्डी. इंदिरा गांधींना ते नको होते. त्यांनी सदसद्विवेकबुद्धीने मत द्या असं आवाहन केलं, आणि ते व्ही. व्ही. गिरी यांच्या पथ्यावर पडलं. तिसरे होते आपले चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये अर्थमंत्रिपद सोडणारे. त्यांना स्वतंत्र पक्ष आणि जनसंघाने उभं केलं होतं.

मतदार उमेदवारांना पहिली, दुसरी, तिसरी अशी पसंती देतो. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८, देशमुखांना १,१२,७६९. जिंकायला हवी होती ४,१८,१६९, म्हणजे वैध मतमूल्याच्या निम्म्याहून एक जास्त. कोणालाच ती गाठता आली नाही. मग तळातले उमेदवार एकेक करून बाद केले गेले आणि त्यांच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजली गेली. देशमुखांच्या मतदारांचा कल रेड्डींकडे होता. रेड्डी ४,०५,४२७ पर्यंत चढले, पण गिरींना थोड्याच मतांची गरज होती. ते ४,२०,०७७ वर पोहोचून जिंकले. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि पदावरचे राष्ट्रपती तिथे साक्षीला उभे राहिले. काँग्रेस त्याच वर्षी फुटली.

या निवडणुकीत पक्षादेश काढता येत नाही, मतदान गुप्त असतं आणि मतपत्रिकेवर चिन्ह नसतं. हे तू नियम म्हणून लिहिलंस. महाराष्ट्राच्या वाचकाला ते शिवसेनेच्या उदाहरणाने सांग. २००७ मध्ये भाजपसोबतच्या आघाडीत असूनही सेनेने भैरोसिंह शेखावत यांना सोडून प्रतिभाताई पाटलांना मतं दिली, मराठी म्हणून. २०१२ मध्ये पुन्हा आघाडीबाहेर जाऊन प्रणव मुखर्जी. २०२२ मध्ये विरोधी बाजूला असलेल्या उद्धव ठाकरेंनीही द्रौपदी मुर्मू यांना पाठिंबा दिला. तिन्ही वेळा उमेदवाराचं नाव पुढे आलं आणि त्यापुढे आघाडी मागे पडली. त्याच २०२२ मध्ये विरोधकांनी आधी शरद पवारांना विचारलं. ते नाही म्हणाले. फारूक अब्दुल्ला आणि गोपाळकृष्ण गांधीही नाही म्हणाले, तेव्हा यशवंत सिन्हांचं नाव आलं. नकारांची ही यादीसुद्धा बातमीच असते.

मतपत्रिकेवर पसंती लिहायच्या जांभळ्या शाईच्या पेनाचा परिच्छेद काढून टाक. प्रत्येक वेळी सगळेच ते छापतात.

त्या जागी के. टी. शाह आण. राष्ट्रपती थेट जनतेने निवडावा, असा आग्रह त्यांनी संविधान सभेत धरला होता. नेहरू आणि आंबेडकरांनी तो मानला नाही. सत्ता मंत्रिमंडळाकडे राहणार असेल, तर नामधारी प्रमुखासाठी कोट्यवधींचं मतदान कशाला, असा त्यांचा युक्तिवाद होता. मग १९५२ मध्ये हेच शाह राजेंद्रप्रसादांविरुद्ध उभे राहिले, ज्या पद्धतीला विरोध केला तिच्यातूनच, आणि ५,०७,४०० विरुद्ध ९२,८२७ असे हरले.

मुर्मू यांची मुदत जुलै २०२७ मध्ये संपते. तोवर घाई नाही. सुधारलेला खर्डा पाठव, कोष्टक चौकटीत टाक आणि सुरुवात शंभर सह्यांपासून कर.