अस्मा जहांगीर यांच्याविषयी बोलण्याआधी

अनेक आशीर्वाद.

११ फेब्रुवारीला, पाकिस्तानातल्या मानवाधिकार वकील अस्मा जहांगीर यांच्या स्मृतिदिनी, तू कॉलेजात बोलणार आहेस हे वाचून फार आनंद झाला. मसुदाही वाचला. १९८३ चा लाहोरचा बायकांचा मोर्चा, लाठ्या, अश्रुधूर, सगळं नीट उतरलंय. पण तू उद्याची वकील आहेस. सुरुवात खटल्यापासून कर.

त्यांचे वडील मलिक गुलाम जिलानी पूर्व पाकिस्तानातल्या लष्करी कारवाईविरुद्ध उघड बोलत. १९७१ च्या डिसेंबरात मार्शल लॉच्या काळात त्यांना स्थानबद्ध केलं गेलं. सुटकेचा अर्ज लेकीच्या नावाने दाखल झाला. अस्मा तेव्हा जेमतेम विशीच्या उंबरठ्यावर होत्या, कायद्याची पदवी अजून दूर होती. लाहोर हायकोर्ट म्हणालं, आम्हाला अधिकारच नाही. त्या सुप्रीम कोर्टात गेल्या. १९५८ साली याच कोर्टाने यशस्वी बंडाला कायदेशीर ठरवलं होतं. १९७२ च्या एप्रिलमध्ये कोर्टाने तो निकाल मोडीत काढला आणि १९७१ पर्यंतचे लष्करशहा जनरल याह्या खान यांना सत्ता बळकावणारा ठरवलं.

इथे टाळ्या पडतील, पण तू थांबू नकोस. निकाल आला तेव्हा याह्या खान खुर्चीवरून उतरलेले होते. पुढे १९७७ मध्ये जनरल झियांनी सत्ता घेतली आणि त्याच सुप्रीम कोर्टाने 'परिस्थितीची गरज' म्हणत ती मान्य केली. २००० साली मुशर्रफ यांनाही तशीच मान्यता मिळाली. स्वतःच्या नावावरचा निकाल असा डोळ्यांदेखत बाजूला सारला गेला, तरी ही बाई वकीलपत्र घेतच राहिली. मला त्यांचं मोठेपण इथे दिसतं, आणि तुझ्या मसुद्यात नेमकं हेच नाही.

वकीलपत्र कुणाचं, तेही सांग. सलामत मसीह हा ख्रिस्ती मुलगा अवघा चौदा वर्षांचा, लिहिता-वाचता न येणारा. मशिदीच्या भिंतीवर धर्मनिंदेचा मजकूर लिहिल्याचा आरोप त्याच्यावर! १९९५ च्या फेब्रुवारीत खालच्या कोर्टाने फाशी सुनावली. त्याच महिन्यात लाहोर हायकोर्टाने त्याला निर्दोष सोडलं, कारण अस्मा उभ्या राहिल्या. सोडणाऱ्यांपैकी न्यायमूर्ती आरिफ इक्बाल भट्टी यांचा १९९७ मध्ये खून झाला. झियांच्या काळात कडक केलेल्या कायद्यांचा हा हिशेब, झिया गेल्यानंतरही चालू राहिलेला.

आणि २०१५ मध्ये कराचीतल्या एमक्यूएम पक्षाचे नेते अल्ताफ हुसेन यांच्या बातम्या-भाषणांवर बंदी आली, तेव्हा त्यांची बाजूही अस्मांनीच मांडली. त्या माणसाच्या राजकारणावर त्या टीका करत आलेल्या. स्वतःच्याच बिरादरीतल्या वकिलांचा रोष त्यांनी पत्करला. तुला नकोसा वाटणारा अशील समोर येईल तेव्हा हे आठव, कारण तो येणारच.

आपल्याकडचा एक धागाही घे. २००८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या धर्मस्वातंत्र्यविषयक प्रतिनिधी म्हणून त्या भारतात आल्या, मुंबईत बाळासाहेब ठाकरे यांनाही भेटल्या. त्या भेटीचा फोटो पाकिस्तानात वर्षानुवर्षं त्यांच्याविरुद्ध वापरला गेला. ज्यांच्याबद्दल अहवाल लिहायचा त्यांना भेटायला नको का? मला तरी त्यांचंच बरोबर वाटतं.

आता काम. १९७२ चा निकाल मुळातून वाच, लगेच झियांची सत्ता मान्य करणारा १९७७ चा नुसरत भुट्टो खटला वाच, आणि दोन्हींतला युक्तिवाद शेजारी-शेजारी लिहून काढ. मोर्चाला दोन मिनिटं पुरे. नवा मसुदा रविवारपर्यंत पाठव.