लेकीला रुखवत-बटव्यांचाच धंदा करायचाय, बी.कॉम सोडू द्यावं का?

कराडहून एका ताईंचं पत्र आलंय, नाव छापत नाही. थोडक्यात असं की मुलगी बी.कॉमच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि गेली दोन वर्षं घरातच खणाचे बटवे, तोरणं, अंतरपाट, रुखवताचं कापडी सामान, आहेराचं पॅकिंग असं सगळं करते, इन्स्टावर पेज आहे, ऑर्डरी येतात. आता म्हणते कॉलेज सोडते आणि फुलटाईम हेच करते. वडील झेडपीत क्लार्क, त्यांचं म्हणणं शिवणकामच करायचं होतं तर फी कशाला भरली. आईची मधल्यामध्ये गोची. शिवाय विचारलंय की मोठं मशीन घेऊन द्यावं का आणि सरकारी योजनेतून काही मिळेल का.

ताई, तुम्ही पाठवलेले फोटो बघितले, हात चांगलाय पोरीचा, त्यात शंकाच नाही. अंतरपाटावरचा स्वस्तिक आणि नावं हाताने भरलीयत ना, टाके एकसारखे आलेत. पण मला सगळ्यात कामाची वाटली ती पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलेली एका ऑर्डरची गोष्ट. बारशाच्या रिटर्न गिफ्टचे १५० बटवे, ४५ रुपये नग, सामानाचा खर्च नगाला ३२, म्हणजे हातात राहिले १९५०, आणि लेक खूश. आता तुम्हीच लिहिलंय की कापणं, अस्तर, नाडी ओवणं, गोंडे लावणं धरून एका बटव्याला २५ मिनिटं जातात. १५० बटव्यांचे झाले साडेबासष्ट तास. १९५० भागिले साडेबासष्ट, तासाला ३१ रुपये! आणि त्यातले निम्मे तास तर तुमचे आहेत, दोरा, लाईटबिल, डिलिव्हरीचं पेट्रोल धरलेलंच नाही. म्हणून कॉलेज सोडायचं की नाही हा प्रश्न आत्ता बाजूला ठेवा, कारण या भावात ती कॉलेज सोडून दिवसाचे दहा तास जरी बसली तरी ३१० रुपयेच सुटणार.

आता याच ऑर्डरमधे पैसे कुठे गेले ते सांगतो. तिने ३६ इंची पन्ह्याचा (म्हणजे रुंदीचा) बुट्ट्यांचा खण घेतला, १२० रुपये मीटर, आणि एकेक मीटर वेगळा करून त्यातून ९ बाय १० चे तुकडे कापले. मीटर म्हणजे ३९ इंच आणि थोडं वर. १० इंच उंची धरली की उभ्यात तीनच तुकडे बसतात आणि खाली ९ इंचाची पट्टी वाया जाते, आडवे चार, म्हणजे मीटरमधे १२ तुकडे, ६ बटवे. तीच उंची पावणेदहा धरली असती तर उभ्यात चार बसतात, १६ तुकडे, ८ बटवे. पाव इंचाने बटवा लहान झालेला गिऱ्हाईकाला कळतसुद्धा नाही, पण १५० बटव्यांना २५ मीटरच्या जागी १९ मीटरच्या आत काम झालं असतं, साडेसातशेच्या आसपास वाचले असते. तासाला ४३ झाले. अजून कमीच आहेत, पण फरक बघा ना, एकही टाका जास्त न घालता. तिला सांगा की आधी कागदावर कटिंगचा प्लॅन काढायचा, मग कात्री हातात घ्यायची. काठाचा खण असेल तर हिशोब बदलतो कारण काठ बटव्याच्या तोंडाशी यायला हवा, तो वेगळा मांडायचा.

दुसरं म्हणजे साध्या बटव्यात भावाची मारामारी करूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. मुंबईत भुलेश्वरला, पुण्यात रविवार पेठेत तयार पोटल्या, म्हणजे बटवेच, डझनाच्या भावात मिळतात, दिल्लीच्या सदर बाजारातून पण माल येतो, त्या भावात घरी बसून हाताने कुणीच करू शकत नाही. तिने ते घ्यावं जे तयार मिळत नाही. म्हणजे नाव घातलेलं, घराण्याच्या पद्धतीचं, तारखेचं. अंतरपाट, विहिणीच्या ओटीची पिशवी, ताटावरचे रुमाल, करवलीच्या कऱ्ह्याची सजावट, रुखवतातली कापडी सप्तपदी, नऊवारीचा मोर. यात गिऱ्हाईक 'बाजारात कितीला मिळतं' असं विचारत नाही कारण बाजारात ते तसं नसतंच. पण नाव घातलेली वस्तू परत कुणाला विकता येत नाही, लग्न मोडलं किंवा ऑर्डर कॅन्सल झाली तर ती कपाटातच, म्हणून निम्मा ॲडव्हान्स आल्याशिवाय सुईत दोरा ओवायचा नाही, आणि नावाचं स्पेलिंग, तारीख, रंग हे सगळं व्हॉट्सॲपवर लिहून 'ओके' घ्यायचं. तोंडी चालणार नाही, मग मावशीचीसुद्धा ऑर्डर असली तरी. मावशीच्या ऑर्डरीतच जास्त भांडणं होतात.

रुखवताबद्दल एक सुचवतो, ते भाड्याने द्या. लोकांना मांडायला हवं असतं दोन-चार तास, नंतर ते माळ्यावर पडतं. एक चांगला कापडी सेट करायचा, डिपॉझिट घ्यायचं, परत आला की झटकून इस्त्री करून पुढच्या लग्नाला. फक्त हे करायचं तर ग्लू गन कमी आणि सुई जास्त वापरायला लागेल, कारण चिकटवलेले गोंडे आणि लेस मे महिन्याच्या मांडवात उकाड्याने सुटून येतात, शिवलेलं टिकतं. फोटोत दोन्ही सारखंच दिसतं हीच तर पंचाईत आहे.

आहेराच्या पॅकिंगचं तिने केलेलं मला फार आवडलं, ब्लाऊजपीसमधेच साडी-डबा बांधून वर गाठीचं फूल. कागद फाडून फेकला जातो, हे कापड वापरात राहतं. जपानमधे अशी चौकोनी कापडात वस्तू बांधायची जुनी रीत आहे, फुरोशिकी म्हणतात, २००६ साली तिथल्या पर्यावरणमंत्री युरिको कोइके यांनी कचरा कमी करायचा म्हणून तिचा मुद्दाम प्रचार केला होता. आपल्याकडे गाठोडं नवीन नाही, पण त्याच्या गाठींचे आठ-दहा प्रकार बसवून घेतले तर ही वेगळी सर्व्हिस होऊ शकते, शिलाई जवळजवळ नाहीच त्यामुळे तासाचा भाव सगळ्यात चांगला इथेच पडेल असं मला वाटतं. दिवाळीत ऑफिसांच्या गिफ्टसाठी पण विचारून बघावं.

आता सीझनचं. तिच्या बाबांची खरी भीती ही असणार की आठ महिने काम आणि चार महिने माश्या मारायच्या. मुहूर्त तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात आणि आषाढात थांबतात, बरोबर आहे. पण चातुर्मासात मंगळागौर, गौरी-गणपती, नवरात्र सगळं येतं. २०१८ साली राज्यात प्लास्टिक आणि थर्माकोलवर बंदी आली तेव्हापासून मखराला कापडी पडदे, खणाचं तोरण याला मागणी आहेच. आणि संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाचं वाण, तिथे तेच बटवे, पण ते पावसाळ्यात रिकाम्या वेळी शिवून ठेवायचे, ऑर्डर आल्यावर रात्र जागून नाही. वर्षभरातला कुठला महिना कशाचा हे तिने एकदा कॅलेंडरवर लिहावं आणि बाबांना दाखवावं, झेडपीतल्या माणसाला असं कागदावरचं पटतं (रागावू नका हं).

शिक्षणाचं माझं मत, बी.कॉम पुरं करायचं. डिग्री पवित्र वगैरे म्हणून नाही. दीडच वर्ष राहिलंय, आणि कॉस्टिंग, बिलं, जीएसटी हे सगळं तिच्या धंद्याला रोज लागणारंय. मालाच्या विक्रीला वर्षाला ४० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी सहसा लागत नाही, म्हणजे आत्ता घाई नाही, पण तिला ते स्वतःला कळलं पाहिजे. दुसरं कारण, पुढे कधी मोठं काही करावंसं वाटलं तर निफ्टचा (फॅशन शिकवणारी सरकारी संस्था) मास्टर ऑफ फॅशन मॅनेजमेंट हा दोन वर्षांचा कोर्स आहे, त्याला कुठल्याही शाखेची पदवी चालते, पण पदवी लागते. मुंबईचं निफ्ट खारघरला आहे. फी भरपूर असते, आत्तापासून त्याचं टेन्शन घेऊ नका, दार उघडं राहू दे एवढंच. हात अजून सुधारायचा असेल तर आयटीआयमधे भरतकामाचा एक वर्षाचा ट्रेड आहे, सरफेस ऑर्नामेंटेशन टेक्निक्स नावाचा, आणि शिलाईचा सोइंग टेक्नॉलॉजी. जवळपासच्या कुठल्या आयटीआयला आहे ते चौकशी करा, पण बी.कॉमनंतर. दोन्ही एकदम नको, ऑर्डरींचा बट्ट्याबोळ होईल.

योजनांबद्दल. पीएम विश्वकर्मामधे शिंपीकामाचा समावेश आहे, ट्रेनिंग, टूलकिटसाठी १५ हजार आणि ५ टक्क्यांनी कर्ज मिळतं, पण सरकारी नोकरीतल्या माणसाच्या कुटुंबाला ती लागू नाही. तुमचे मिस्टर झेडपीत आहेत, त्यामुळे ती सोडून द्या, एजंट काहीही सांगू दे. मुद्राचं शिशु कर्ज ५० हजारांपर्यंत आहे, ते बँकेत विचारता येईल. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, मात्र आत्ताच करून टाका, ऑनलाईन होते आणि पूर्णपणे फुकट आहे, कुणी हजार-दोन हजार मागितले तर उठून या.

आणि मशीन. जुकी, म्हणजे कारखान्यात असतं तसलं मोठं शिलाई मशीन, आत्ता घेऊ नका. पत्रात तुम्हीच म्हणताय की घरचं साधं मशीन दिवसातले निम्मे तास रिकामं असतं, म्हणजे अडतंय ते मशीनमुळे नाही, अडतंय हाताच्या कामात, गोंडे, नाडी, अस्तर उलटणं. ते शेजारच्या दोघी-तिघींना नगावर द्या, त्यांना नगाला काय द्यायचं ते आधी ठरवून भावात धरा. पुढचे सहा महिने प्रत्येक ऑर्डरला वहीत तीनच गोष्टी, सामान किती, तास किती, हातात किती. तासाला ८० च्या खाली जाणारी ऑर्डर नाकारायची, ओळखीतली असली तरी. मशीन जेव्हा खरंच रात्रीपर्यंत चालायला लागेल आणि तरी काम मागे पडेल तेव्हा सेकंडहँड जुकी बघा. पैसे द्यायच्या आधी त्यावर खण आणि अस्तर एकत्र घालून शिवून बघा, दुकानदार नेहमी कोऱ्या कॉटनवर चालवून दाखवतो.