सिद्धांतांची तुलना करताना एक घटना हातात धर

आंतरराष्ट्रीय संबंधांच्या सिद्धांतांची तुलना व्याख्या पाठ करून जमत नाही. एकच घटना घे आणि प्रत्येक सिद्धांत तिच्यावर घासून बघ. नवीन अभ्यासकांना मी नेहमी नाटो, म्हणजे अमेरिका आणि तिच्या मित्रदेशांची लष्करी आघाडी, सुचवतो. १९४९ साली सोव्हिएत संघाला रोखायला ही आघाडी उभी राहिली. १९९१ मध्ये तो संघच संपला, तरी नाटो टिकली, १९९९ पासून वाढतही गेली. का?

वास्तववाद, म्हणजे देश सत्ता आणि सुरक्षेसाठीच वागतात असं मानणारा सिद्धांत, इथे आधी अडखळतो, कारण धोका सरला की आघाडी विरायला हवी. मग तो म्हणतो, अमेरिकेला युरोपवरचा प्रभाव सोडायचा नव्हता. संस्था आणि सहकार्यावर भर देणारे उदारमतवादी म्हणतात, उभी संस्था मोडण्यापेक्षा तिला नवं काम देणं सोपं. देशांची ओळख आणि समजुती महत्त्वाच्या मानणारे रचनावादी विचारतात, हे देश एकमेकांना 'आपले' कधीपासून मानू लागले? मला हा प्रश्न सर्वांत खोल वाटतो, पण त्याचा पुरावा जमवणं फार कष्टाचं आहे.

आणि वास्तववादी अभ्यासक केनेथ वॉल्ट्झ यांचा १९७९ चा सिद्धांत सगळ्या देशांच्या मिळून बनलेल्या व्यवस्थेबद्दल आहे, एखाद्या देशाच्या परराष्ट्र धोरणाबद्दल नाही. अमुक निर्णय त्यातून उलगडत नाही, अशी टीका करण्याआधी हे तपास. मार्क्सवादी, स्त्रीवादी मांडण्या शेवटच्या परिच्छेदात कोंबू नकोस. त्यांचे प्रश्नच वेगळे आहेत, त्यांना वेगळी घटना दे.